भांगेच्या बियांची चटणी

पूर्णा स्टेशनाजवळ किराणा दुकान चालवणाऱ्या बसवंतरावांचं वजन वाढत गेलं आणि दिवाळीपासून गुडघे वाकेनासे झाले. मांडी घालता येईना, म्हणून रोजची लिंगपूजा खुर्चीवर बसून. लग्न झाल्यापासून नागुबाई त्यांच्या शेजारी एकाच चटईवर पूजेला बसत आलेली. आता ते वर आणि ती खाली. तळहातावरच्या लिंगाला भस्म लावताना तिला शेजारी त्यांचा सुजलेला गुडघा तेवढा दिसायचा. डॉक्टर म्हणाले होते, वजन उतरलं तर पुन्हा मांडी घालाल. पण भूक कुठं उतरायला तयार होती?

मग पुण्याहून लेकीनं, शिवरंजनीनं, एक पाकीट पाठवलं. नागुबाईनं त्यावरचं नाव वाचून तिला फोन लावला.

"भांगेच्या बिया? बापाला झिंगवतीस का गं?"

"आई, नशा पानांत असते, बियांत नाही. जेवणाआधी नुसत्या चावून खायच्या. पोट भरल्यासारखं वाटतं, भाकरी कमी जाते."

नुसतं कच्चं बी चावायचं? ते चिमण्यांचं काम. जवस असो, कारळ असो, नागुबाईच्या घरात बी आलं की तव्यावर जायचं. तिनं बिया खमंग भाजल्या, लसूण, लाल मिरची, मीठ घालून खलबत्त्यात कुटल्या आणि वर तेलाची धार सोडली.

पहिल्या घासाला बसवंतरावांनी डोळे मिटले. "कशाची हाय?"

"औषध हाय. खावा गुमान."

"आसलं औषध आसंल तर आजारी पडायला काय हरकत न्हाई." दोन भाकरींवर थांबणारा माणूस त्या दिवशी तिसरीही पुसून खाऊन उठला.

संध्याकाळी स्पीकरवर ठेवलेल्या फोनवरून शिवरंजनीनं विचारलं, "पप्पा, भुकेला काही फरक?"

"लय फरक. एक भाकरी वाढली."

"आई! चटणी केलीस ना?"

ती तिसरी भाकरी नागुबाईनंच वाढली होती, तीही आनंदानं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पूजेच्या वेळी तिनं दुकानातलं उंच स्टूल आणून त्यांच्या खुर्चीला चिकटवून ठेवलं.

"हे काय आता?"

"तुमची मांडी वाकंस्तोवर मीच वर येते."

नागुबाई बुटकी. पाय जमिनीला पोचेनात, हवेतच लोंबकळत राहिले. लिंगावरून नजर उचलली की बसवंतराव त्या पायांकडे बघताना तिला दिसत होते.

जेवायला बसल्यावर त्यांनी चटणीची वाटी बाजूला सारली. "पाकिटातल्या कच्च्या बिया आण."

तोंड वाकडं करत ते कितीतरी वेळ त्या चावत राहिले. एक भाकरी संपली. नागुबाई दुसरी वाढायला वाकली, तर त्यांनी ताटावर हात आडवा धरला.

"पोट भरलं?" तिनं विचारलं.

"न्हाई भरलं," बसवंतराव म्हणाले. "पर तुजे पाय खाली टेकायला पायजेत."