टीपॉय, स्टूल की कपाट

छत्री हरवली तर नवी घेता येते. चष्मा हरवला तर बायको चार शब्द सुनावते आणि विषय मिटतो. पण बायकोचे वडीलच फर्निचरच्या दुकानात हरवले, तर पुढे काय होतं याचा अनुभव ओळखीत कुणालाच नव्हता. जावयाला तो आत्ता मिळत होता.

तसं काम साधं होतं. बाबा महिन्याभरात दोनदा पलंगावरून पडले होते, म्हणून ठेंगणा पलंग घ्यायचा. दुकान मात्र साधं नव्हतं. एका दालनातून दुसऱ्यात जावं, तर तिथे पहिल्यासारखंच दालन. खोटी बैठकीची खोली, खोटं स्वयंपाकघर, खोट्या पुस्तकांचं खरं कपाट. जावई एका पलंगाच्या फळ्या बघायला खाली वाकला. उठला, तेव्हा बाबा नव्हते. बाबांचा फोन जावयाच्याच खिशात होता, कारण परवा तो फ्रिजमध्ये सापडला होता.

गेलं वर्षभर बाबांच्या डोक्यातली माणसं एकेक करून बिऱ्हाड हलवत होती. लेक अजून टिकून होती. जावयाला जाऊन चार महिने झाले होते आणि त्याच्या जागी एक वायरमन राहायला आला होता.

"तुम्ही कालही आला होतात ना?" सकाळीच बाबांनी विचारलं होतं. "एक पंखा दुरुस्त करायला किती दिवस लागतात हो?"

"उद्या होईल," जावई म्हणाला होता. रोज तेच म्हणायचा. पंखा चांगला चालू होता.

दुकानाच्या मागच्या दाराशी माल भरायला ट्रक यायचे, तेही उलटे. ते दार जावयाला सताड उघडं दिसलं. तो धावतच काउंटरवर पोहोचला.

"माणूस हरवलाय. माझे सासरे."

काउंटरवरची मुलगी शांत होती. तिने कॉम्प्युटरवर एक फॉर्म उघडला. "रंग?"

"कशाचा?"

"फॉर्म फर्निचरचाच आहे, सर. माणसांचा वेगळा नाही. भरल्याशिवाय माइक चालू होत नाही."

"तपकिरी. म्हणजे स्वेटर."

"तपकिरी. पाय किती?"

"दोन."

"दोनचा ऑप्शन नाही. चार टाकते." तिने चार टाकले. "आता उंची. लो, हाय की टॉल?"

"पाच फूट एक इंच."

"आकडा टाकला की सिस्टिम त्याला किंमत समजते. शब्दच लागतो. लो म्हणजे आपलं टीपॉय. हाय म्हणजे ओट्याजवळचं उंच स्टूल. टॉल म्हणजे कपाट." तिने मान वर करून जावयाच्या सहा फुटांकडे बघितलं. "तुम्ही हरवला असता तर सोपं होतं."

"टीपॉय टाका," जावई म्हणाला. म्हणताना त्याला सासऱ्यांच्या पाठीमागे काहीतरी नीच बोलल्यासारखं वाटलं.

दुकानभर इंग्रजीत आवाज घुमला. तपकिरी स्वेटरमधल्या एका लो जंटलमनने कृपया काउंटरवर यावं. सिक्युरिटीवाले कामाला लागले. दहा मिनिटांत त्यांनी दोन तपकिरी टीपॉय आणले.

मग हाय करून पाहिलं. कुणीच आलं नाही. मागच्या दाराकडून ट्रकचा टूं-टूं आवाज आला. त्याच वेळी फोन वाजला. बायको.

"झालं का रे? पलंग मिळाला?"

"बघतोय. बाबा तिकडे कपाटं बघताहेत." हे खरंही असू शकतं, अशी त्याने मनाची समजूत घातली. "बरं, ऐक ना. बाबांची उंची इंग्रजीत कशी सांगायची? म्हणजे पलंगासाठी."

"टॉल," बायको ताबडतोब म्हणाली.

"अगं, पाच फूट एक!"

"तू आईला पाहिलं नाहीस. चार फूट नऊ. मी पहिलीत असताना तिने माझ्या पुस्तकातलं टॉल मॅनचं चित्र पाहिलं आणि म्हणाली, हे तर आपले बाबा. तेव्हापासून तिने त्यांना दुसरी हाक मारलीच नाही. अहो टॉल मॅन, वरचा डबा काढून द्या! बाबा छाती काढून जायचे. त्यांचाही हात पोहोचायचा नाही. स्टूल आणून, वर चढून, डबा काढून द्यायचे. पण उंच माणसाचं काम उंच माणसानेच केलं, अशी घरात पद्धत होती."

जावयाने समोरच्या दोन टीपॉयांकडे बघितलं.

"पलंगाला कशाला लागते रे उंची?" बायको म्हणाली. "हरवलेत ना?"

"अर्धा तास झाला."

"मी निघाले. तू टॉल म्हण."

जावई काउंटरकडे वळला. "टॉल टाका."

"सर, मघाशी तुम्हीच टीपॉय म्हणालात."

"चुकलो. ते कपाटच आहेत."

"पाच फूट एक इंच म्हणालात! असं काहीही टाकता येत नाही. सगळे उंच माणूस शोधत बसतील आणि ते बाजूने निघून जातील."

"शोधू द्या त्यांना. आपल्याला फक्त एकाच माणसाने ऐकायला हवंय. मॅडम, टॉल जंटलमन नका म्हणू. टॉल मॅन म्हणा. आणि जरा काम असल्यासारखं म्हणा."

मुलीने त्याच्याकडे बघितलं, मग माइककडे. आणि काम असल्यासारखं म्हणाली.

सिक्युरिटीवाले पुन्हा पांगले. पहिल्या पाच मिनिटांत त्यांनी तीन उंच माणसं आणली. एक गिऱ्हाईक, एक सुतार, आणि एक जण नुसताच पाऊस थांबायची वाट बघत आत शिरलेला. चौथा म्हणून एकाने जावयाचंच मनगट धरलं. "सापडले!" तो ओरडला.

"अहो, मी हरवलेला नाही, मी हरवणारा!"

"सगळे असंच म्हणतात, काका. चला."

ही ओढाताण चालू असतानाच खोट्या स्वयंपाकघराच्या दारातून बाबा आले. तपकिरी स्वेटर, छाती पुढे, पाऊल घाईचं. चार उंच माणसांच्या मधून, खरं म्हणजे काखांखालून, ते थेट काउंटरसमोर येऊन उभे राहिले.

"आलो आलो," ते म्हणाले. "कुठला डबा काढायचाय?"

मुलगी जावयाकडे बघायला लागली. जावई अजून सिक्युरिटीवाल्याच्या हातातून मनगट सोडवत होता, त्यामुळे त्याचा काही उपयोग नव्हता. तिने इकडेतिकडे पाहिलं. तिच्या मागच्या कपाटाच्या माथ्यावर एक पुठ्ठ्याचा खोका धूळ खात पडला होता.

"तो," ती म्हणाली. "किती दिवस झाले, कुणाचा हातच पोहोचत नाही."

जावयाचा हात सहज पोहोचला असता. पहिल्या तीन उंच माणसांचाही. चौघांनीही आपापले हात खिशात घातले.

बाबांनी एक उंच स्टूल ओढून आणलं. स्टूल डुगडुगत होतं. जावई झटक्यात गुडघ्यांवर बसला आणि त्याने स्टूलचे पाय घट्ट धरले. बाबा सावकाश चढले, खोका काढला, त्यावरची धूळ फुंकली. ती सगळी जावयाच्या डोक्यावर पडली. त्याने डोळे मिटले, पण हात सोडले नाहीत.

जावयाने डोळे उघडून वर पाहिलं. खोका पोटाशी धरून बाबा त्याच्याकडे टक लावून बघत होते. आता पंख्याचा विषय निघणार, उत्तर तयार होतं.

"तुम्ही इथून फारच बुटके दिसता हो, जावईबापू," बाबा म्हणाले.