पाणी थांबल्यावरही लागलेला दिवा

मित्रांनो, माझ्या पाटीवर 'जलविद्युत केंद्र' असे लिहिलेले आहे. ते नाव खरे असते, तर माझी कहाणी मी मान वर करून सांगितली असती. वस्तुतः मी म्हणजे एक पत्र्याचे चाक, मोडक्या टेपरेकॉर्डरमधली एक छोटी मोटर, टॉर्चचा एक बल्ब आणि प्लायवूडची एक पेटी यांची जुळणी आहे. माझ्या पेटीला दोन तळ आहेत. त्या दोन तळांच्या मध्ये काय होते, हे मी आरंभीच सांगून टाकते, म्हणजे पुढे तुमची फसगत व्हायला नको. तिथे दोन सेल होते. माझा दिवा त्या सेलवर लागत असे. पाण्याचा त्याच्याशी काहीही संबंध नव्हता.

माझा जन्म १९९६ च्या दिवाळीच्या सुट्टीतला. नाशिकला लागून असलेल्या मखमलाबादच्या एका शाळेत प्रतिभाबाई सातवीला विज्ञान शिकवत. त्यांनी सुट्टीचा गृहपाठ दिला होता, तो असा: वाहत्या पाण्याने फिरणारी एखादी वस्तू तयार करा, ती चालवून पाहा आणि जे दिसेल ते लिहून आणा. दिवा लागला पाहिजे, असे बाई कुठेही म्हणाल्या नव्हत्या. जे दिसेल ते, एवढेच त्यांना हवे होते.

ज्ञानेश हा त्या वर्गातला मुलगा. त्याच्या घरी मेथी, कोथिंबीर आणि फ्लॉवर पिकत असे. सुट्टी त्याने कळवणला मामाकडे घालवली आणि परतल्यावर, शाळा उघडायच्या आदल्या दिवशी, त्याला गृहपाठ आठवला. तो जेवेना. त्याचे वडील खंडेराव यांना मुलाचे रडणे सहन होत नसे. मेथीच्या जुड्या मार्केटला उतरवून ते ज्ञानेशला घेऊन थेट पंचवटीत केरूच्या दुकानी गेले. केरू विहिरीवरच्या जळालेल्या मोटरी नवी तार गुंडाळून पुन्हा भरून देत असे.

केरूने प्रामाणिक प्रयत्न केला, हे मला नोंदवले पाहिजे. त्याने चाक कापले, ते मोटरीच्या दांड्यावर बसवले, वर पत्र्याचा डबा लावून त्याला नळ जोडला. नळ सोडला तेव्हा चाक फिरले. दिवा मात्र लागला नाही. मोटर उलटी वापरून वीज मिळवायची, तर ती फार वेगाने फिरावी लागते. डब्यातल्या पाण्याच्या धारेत तेवढा जोर नव्हता.

"खंडूभाऊ, चाक फिरतंय ते बघा," केरू म्हणाला. "दिवा काय ह्याच्या बापाच्यानं लागायचा नाय."

वास्तविक गृहपाठ त्याच क्षणी पूर्ण झाला होता. चाक फिरले, दिवा लागला नाही. ज्ञानेशने एवढे दोन ओळींत लिहिले असते, तर माझे सारे आयुष्य वेगळे झाले असते. पण खंडेराव म्हणाले, "मंग लागंल असं कर." केरूने डोके खाजवले, पेटीला दुसरा तळ ठोकला, आत सेल बसवले आणि नळाच्या चावीखाली एक बटण दडवले. चावी फिरवली की पाणीही वाहू लागे आणि दिवाही लागे. काम संपल्यावर तो ज्ञानेशला म्हणाला, "कुणी इचारलं तर म्हणायचं, पाण्यावर लागतो. लयच इचारलं तर त्यालाच पाणी पाज." दोघेही मोठी माणसे हसली. ज्ञानेश हसला नाही.

शाळा उघडल्यावर बाईंनी या वस्तूंचे प्रदर्शन भरवले आणि त्यात मला पहिले बक्षीस मिळाले. इतर मुलांची चाके थर्माकोलची, नारळाच्या करवंटीची, काही तर धड फिरतही नव्हती. त्यांच्या वह्यांत मात्र काय अडले, काय तुटले, ते लिहिलेले होते. त्या वह्यांपुढे कोणी फार वेळ थांबले नाही. सगळे माझ्यापुढे थांबले. प्रतिभाबाईंनी विचारले, हे कसे चालते? ज्ञानेशने पाठ केलेली तीन वाक्ये म्हटली. चौथा प्रश्न कोणीच विचारला नाही. टाळ्या वाजल्या तेव्हा माझा बल्ब झळकत होता आणि मला विझता येत नव्हते. मित्रांनो, न केलेल्या कामाची शाबासकी अंगावर घेणे म्हणजे काय, ते त्या दिवशी मला समजले.

पुढची काही वर्षे मी त्यांच्या घरात टीव्हीच्या शेजारी बसून होते. पाहुणा आला की तांब्याभर पाणी डब्यात ओतले जाई, दिवा लागे, आणि पाहुणा म्हणे की पोरगा इंजिनीयर होणार. सेल संपत आले की ज्ञानेश कोणी नसताना ते बदलत असे. एरवी तो माझ्याकडे पाहत नसे. पाहुण्यांसमोर चावी फिरवताना तर तो दिव्याकडेही पाहत नसे. समोरच्या भिंतीकडे पाहत असे.

एक गोष्ट मला फार उशिरा कळली. नववीत वीज हा धडा आला तेव्हा ज्ञानेशला त्यातले काहीच उमजेना. त्याने शंका विचारायला हात वर केला. सर कौतुकाने म्हणाले, "अरे, तूच विचारायला लागलास तर बाकीच्यांनी कुणाकडे जायचं? तू तर वीज तयार केलीयस." वर्ग आदराने हसला. ज्ञानेशने हात खाली घेतला, आणि त्यानंतर विज्ञानाच्या तासाला तो हात कधी वर गेला नाही. पुढे बारावीला भौतिकशास्त्रात तो नापास झाला. एका गृहपाठामुळे असे घडले, असा दावा मी करणार नाही. तसा पुरावा माझ्याकडे नाही. आज तो शेती आणि भाजीचा धंदा उत्तम सांभाळतो. मी इतकेच म्हणते, की ज्या मुलाला शंका विचारायची होती, त्याच्या तोंडावर माझे झाकण होते.

कालांतराने घरात नवा टीव्ही आला आणि माझी जागा गेली. पोटमाळ्यावर कांद्याच्या रिकाम्या गोण्यांमागे मी पडून राहिले. सेलमधले रसायन गळून माझा तळ खराब झाला. चाकाला कोळ्यांनी घर केले. दुर्लक्षाचे दुःख वस्तूंना होते म्हणतात. मला उलट बरे वाटत होते. तिथे मला कोणी चालवत नव्हते.

असे होता होता २००६ सालची दिवाळी आली. खंडेराव आता नव्हते. ज्ञानेशच्या थोरल्या भावाची मुलगी सृष्टी सातवीत गेली होती. शाळा तीच, प्रतिभाबाई त्याच, आणि सुट्टीचा गृहपाठही तोच. सृष्टीने काही केले नव्हते. ओट्यावर मेथीच्या जुड्या बांधत बसलेल्या काकाला तिने विचारले, "काका, गृहपाठ असतो तरी कशाला?"

काकाने आधी सांगितले की त्याने सवय लागते. सृष्टी म्हणाली, सवय तर दात घासायचीही लागते, त्याची वही कोणी मागत नाही. मग तो गुणांविषयी बोलला. गृहपाठाला गुण नसतात, हे तिने त्याच्या निदर्शनास आणून दिले. शेवटी तो म्हणाला, नाही केला तर बाई रागावतील. "म्हणजे बाईंसाठीच असतो ना?" सृष्टी म्हणाली. ज्ञानेशने बांधायला पुढची जुडी ओढली. खरे उत्तर ठाऊक असायला त्याने गृहपाठ एकदा तरी मनापासून केलेला असायला हवा होता.

तेवढ्यात त्याची आई नवसाबाई मला पोटमाळ्यावरून काढून, पदराने पुसत घेऊन आली. "पोरीला कशाला तरास? काकाचं पैल्या नंबराचं हाय. हेच ने."

सृष्टीने पाणी ओतले, चावी फिरवली. चाक करकरत फिरले. दिवा लागला नाही. बिघडलेय, दुरुस्त करतो, असे म्हणून ज्ञानेश मला आत घेऊन गेला. त्याने माझा खालचा तळ उघडला, सेलला टेकणाऱ्या पत्र्या घासल्या, नवे सेल बसवले. दहा वर्षांपूर्वी ही लबाडी दोन मोठ्या माणसांनी केली होती. या वेळी तो एकटा होता, मोठा होता, आणि त्याचे हात ते काम अजून विसरले नव्हते.

बाहेर येऊन त्याने चावी फिरवली. दिवा लागला. सृष्टीने टाळ्या पिटल्या आणि मग, मी कधी कोणाला करताना पाहिले नव्हते ते केले: पाणी वाचवावे म्हणून तिने डब्यात पाणी असतानाच चावी बंद केली. धार थांबली. चाक थांबले. दडवलेले बटण गंजून अडकले होते. दिवा लागलेलाच राहिला.

सृष्टीने चाकाकडे पाहिले, दिव्याकडे पाहिले, आणि काकाकडे पाहण्याचे टाळले. मला वाटते, तिने त्याच्याकडे पाहिले असते तर त्याला कमी लागले असते.

"दिवा लागला ना, मंग झालं की," नवसाबाई म्हणाल्या.

"आई, थांब जरा," ज्ञानेश म्हणाला. त्याने मला पालथी केली, सगळे सृष्टीला दाखवले आणि सांगितले. केरूचे दुकान, पाठ केलेली वाक्ये, नववीतला तो तास, काहीही वगळले नाही. सृष्टीने फक्त एवढेच विचारले, की मग त्या वर्षी बाईंना कसे कळले, तुला काय येत नाही ते? तो म्हणाला, "नाही कळलं. मी कळू दिलंच नाही. गृहपाठ त्यासाठी असतो गं, सृष्टी. आपण कुठं अडलो, ते दिसायला."

सेल बाहेर निघाले आणि बल्बच्या तारा मोटरला जोडल्या गेल्या. दुसऱ्या दिवशी दोघांनी मला विहिरीवरच्या पाइपाखाली धरायचे ठरवले. त्या दिवसांत भारनियमन असे, त्यामुळे वीज तयार करण्याच्या प्रयोगासाठी आधी वीज येण्याची वाट पाहावी लागली. पंप सुरू झाला आणि त्या धारेने माझे चाक असे गरगरले, की मला भोवळ आली. भर उन्हात सृष्टी बल्बला डोळा लावून बसली. मग तिने वहीत लिहिले: 'दिवा लागला नाही. बल्बमधली तार किंचित लाल झाली असे मला वाटले. काकांना वाटले नाही.'

शाळा उघडली त्या दिवशी ज्ञानेशने मला लूनावरून शाळेत पोहोचवले आणि तो वर्गाच्या दाराशी घुटमळला. प्रतिभाबाईंनी मला ओळखले. त्यांनी वही वाचली, कपाळाला आठी घातली आणि म्हणाल्या, "अगं, तुझ्या काकांचा तर छान लागला होता. तूच काहीतरी चुकीचं जोडलं असशील."

सृष्टीने वही परत घ्यायला हात पुढे केला. काकाचे गुपित सांगणे तिला योग्य वाटले नसावे. खरे काम करणारी मुलगी आता चुकीची ठरत होती, आणि त्याला मी कारण होते. इतकी शरम मला टाळ्या वाजल्या तेव्हाही वाटली नव्हती.

"बाई," दारातून ज्ञानेश म्हणाला, "माझा लागला नव्हता. खाली सेल होते."

मागच्या बाकावर कोणीतरी हसले आणि हसू अर्ध्यावर थांबले. बाईंनी चष्मा काढून पुसला. मग त्या ज्ञानेशला म्हणाल्या, "मी एकदा पाणी न ओतता चावी फिरव म्हणायला हवं होतं रे. मी तपासलंच नाही. बक्षीस देऊन मोकळी झाले." ज्ञानेशने मान हलवली. त्याच्या मानेवरचे ओझे उतरले असे मी म्हणणार नाही. मात्र तो जायला निघाला नाही, आत येऊन शेवटच्या बाकावर बसला.

बाईंनी सृष्टीला विचारले, तार लाल झाली की नाही, नक्की काय?

"नक्की माहीत नाही, बाई."

त्यावर बाईंनी खिडक्या लावायला सांगितल्या, दारावर सतरंजी टांगली. मला खाली ठेवून दोन मुलांनी बाकावर चढून बादलीतले पाणी नरसाळ्यातून माझ्या चाकावर सोडले. अंधारात सारा वर्ग माझ्या बल्बभोवती जमला. निम्मी मुले म्हणाली, लाल दिसतेय. निम्मी म्हणाली, छे, तुम्हाला भास होतोय. मला स्वतःला विचाराल, तर मला सांगता आले नसते. दिव्याला स्वतःचा उजेड दिसत नाही. बाईंनी निकाल दिला नाही. त्यांनी फळ्यावर गृहपाठ लिहिला: तार तापली की नाही, हे डोळ्यांवर न विसंबता कसे तपासता येईल? आणि त्या दिवशी, मित्रांनो, तो वहीत उतरवून घेणाऱ्यांत शेवटच्या बाकावरचा एक मोठा माणूसही होता. पेन त्याने शेजारच्या मुलाकडून मागून घेतला होता.

मी आता शाळेच्या प्रयोगशाळेत असते. माझा दुसरा तळ बाईंनी काढून टाकला आहे. चाक गंजले आहे, बल्ब बदलला आहे, आणि पाहुणे माझ्यापुढे थांबत नाहीत. तुमच्याकडे माझे एकच मागणे आहे. गृहपाठात तुमचे गणित चुकले, चित्र बिघडले, दिवा लागला नाही, तर ते तसेच बाईंच्या हाती द्या. दादाकडून, दुकानातून, दुसऱ्याच्या वहीतून आणलेला उजेड त्यावर लावू नका. तसा उजेड मी वर्षानुवर्षे दिला आहे. त्यात सगळ्यांना मी दिसत होते, आणि माझ्या मागे उभा असलेला मुलगा मात्र कोणालाच दिसत नव्हता.