बिनशिवणीचं अंग

"थांबा जरा," ती वनरक्षकाला म्हणाली. "हिला दूध आहे."

वनरक्षक दारातच थबकला. मेलेली कोल्हीण पोत्यातून काढून टेबलावर ठेवून तो निघाला होता. जंगलातल्या वळणावर पहाटे कुठल्याशा गाडीने तिला उडवलं होतं. अंगावर जखम दिसत नव्हती, नाकाशी वाळलेलं रक्त तेवढं होतं. पोटाखालच्या केसांतून हात फिरवताना मात्र बाईंची बोटं ओली झाली होती.

"पिल्लं असणार कुठंतरी," ती म्हणाली.

"आहेत की. वळणाच्या वरच्या अंगाला एक मोठं झाड उन्मळून पडलंय. त्याच्या मुळांखाली बीळ आहे, ते हिचंच." वनरक्षकाने टोपी डोक्यावर चढवली. "पण आता त्यांचं काही खरं नाही, बाई."

तो गेला. ती मात्र हात धुवायचं विसरून तशीच उभी राहिली.

संग्रहालयात तिला सगळे पेंढेबाई म्हणत. खरं तर पेंढा तिने उभ्या आयुष्यात वापरला नव्हता. तार, लाकडाचा कीस आणि चिकणमाती यांवर तिचं काम चाले. पण नाव पडलं ते पडलं. मेलेल्या जनावराला ती असं उभं करी, की शाळेतली पोरं काचेपासून मागे सरत. घुबडं, मुंगसं, एक अस्वलसुद्धा तिच्या हाताखालून गेलं होतं. नोकरीला लागल्या लागल्या तिने एक कोल्हाही केला होता, दात विचकलेला. त्याला आता कसर लागली होती, म्हणून नवा करायचा होता. आणि गंमत अशी, की जिवंत कोल्हा तिने कधी पाहिलाच नव्हता.

"मग आधी फोटो काढून आणा," संग्रहालयाचे साहेब म्हणाले. "कसा बसतो, कसा वळतो, नीट बघा. घाई नाही. माझा कॅमेरा घेऊन जा."

सुट्टीच्या दिवशी दुपारी ती नवऱ्याला घेऊन निघाली. नवरा शिंपी. दुकान मुलाच्या हाती दिल्यापासून घर त्याला खायला उठायचं. बोलायची मात्र दांडगी हौस.

"मेलेलीचेच काढायचे ना फोटो," चढावर धापा टाकत तो म्हणाला. "हलत तरी नाही ती."

"तुम्ही गप्प बसणार असाल तर चला."

"मी कुठं काय बोललो? तोंडसुद्धा उघडलं नाही मी."

वनरक्षकाने सांगितलं होतं तसं वारा तोंडावर घेऊन ते दोघं झुडपामागे बसले. समोर ते पडलेलं झाड होतं. त्याच्या मुळांचा पसारा मातीसकट भिंतीसारखा उभा राहिला होता आणि त्याच्या बुडाशी काळं भोक होतं. पानांतून गळणारं ऊन जमिनीवर हळूहळू सरकत होतं. नवरा दोनदा पेंगला. दोनदा तिने त्याला कोपराने ढोसलं.

आणि मग त्या भोकातून एक डोकं वर आलं. आखूड नाकाचं, मातकट, मांजराच्या पिल्लाएवढं. त्याच्या मागून दुसरं. शेवटी चार पिल्लं बाहेर येऊन पानांत धडपडू लागली. पण ती खेळत नव्हती. एकमेकांच्या पोटाखाली तोंडं खुपसून काहीतरी शोधत होती आणि बारीक आवाजात रडत होती.

मेलेल्या जनावरांत तिचं आयुष्य गेलं होतं. पण जिवंत जीवाची भूक तिला बघवेना.

"पाव आहे माझ्याकडे," नवरा तिच्या कानाशी पुटपुटला. "टाकू का?"

"नको. माणसाचा वास लागायला नको इथं."

"अगं, उपाशी मरतील ती!"

तिचा स्वतःचाच हात त्याच्या पावाच्या पिशवीकडे निघाला होता. तेवढ्यात नवऱ्याने तिचं मनगट घट्ट धरलं.

झाडाच्या पलीकडे कोल्हा उभा होता. तो आला असं काही झालंच नाही. एक पान वाजलं नव्हतं. क्षणापूर्वी तिथे सावली होती आणि आता तिथे तो होता, तांबडा, छातीशी पांढरा, पाय काळे. तोंडात उंदीर इतके कोंबलेले, की त्यांच्या शेपट्या दोन्ही बाजूंनी मिशांसारख्या लोंबत होत्या. कॅमेऱ्याचं बटण दाबायचं असतं हेच ती विसरली.

पिल्लं त्याच्याकडे धावली. त्याने उंदीर खाली ठेवले, पण त्यांच्याकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नाही. सगळी त्याच्या पोटाखाली घुसली. तो अवघडून उभा राहिला. एकदा मागे पाहिलं, एकदा वाटेकडे पाहिलं. मग हळूच कुशीवर आडवा झाला आणि पाय लांब केले. पिल्लं ढुसण्या देत होती, केस चोखत होती, जे तिथे नव्हतंच ते शोधत होती. त्याने हनुवटी जमिनीला टेकली आणि त्यांना शोधू दिलं.

आता तिने बटण दाबलं. त्या एवढ्याशा आवाजाने त्याने मान उचलून थेट तिच्याकडे पाहिलं. तिच्या कपाटात काचेच्या डोळ्यांचा खण भरलेला होता, पिवळे, तपकिरी, उभ्या बाहुलीचे. पण काचेचा डोळा कुठेच बघत नसतो. हा डोळा तिला बघत होता. पळतो की काय हा?

तो पळाला नाही. उठला, एक उंदीर चावून मऊ केला आणि सगळ्यात जवळच्या पिल्लापुढे ठेवला. पिल्लाने हुंगलं, तोंडात धरलं, टाकून दिलं. त्याने तोच तुकडा पुन्हा चावला आणि पुन्हा पुढे ठेवला. आणि पिल्लू खाऊ लागलं.

"कुठंच शिवण नाही गं," नवरा कुजबुजला. त्याचे डोळे कोल्ह्यावरून हलत नव्हते. "एवढा वळतो, एवढा वाकतो, आणि कुठं चुणी पडत नाही अंगाला."

हे तिलाच कळण्यासारखं होतं. शिवणी लपवण्यात तिचा जन्म गेला होता. इथे खांद्यावरून कातडं असं सरकत होतं, जसं वाऱ्याने गवत सरकावं. असलं काही आपल्या हातून कधी झालं नाही आणि होणारही नाही, हे तिला लख्ख दिसलं. वाईट मात्र वाटलं नाही. उलट हसू येत होतं, आणि डोळे भरल्यामुळे समोरचं धूसर दिसत होतं.

त्यानंतर ती दोघं दर सुट्टीला जात राहिली. आता नवराच आधी बूट घालून दारात उभा असे. पिल्लं अंगाने भरत गेली, कोल्हा वाळत गेला. त्याच्या पाठीचा कणा फोटोत मोजता यायचा. एकदा पिल्लं तीनच दिसली. पुढच्या खेपेलाही तीनच.

मधल्या काळात तिने कोल्हीण पुरी केली. पुढच्या पायांवर हनुवटी टेकून बसलेली, कान तेवढे टवकारलेले.

"या खेपेला दात नाही दाखवलेत?" साहेबांनी विचारलं.

"घरच्या माणसांना कोण दात दाखवतं, साहेब?"

टेबलावरचे फोटो साहेबांनी एकेक करून उचलले आणि खुर्ची ओढून पहिल्यापासून पुन्हा बघायला बसले.

मग एका संध्याकाळी कोल्हा रिकाम्या तोंडाने आला. बिळाशी गेलाच नाही. वर, चढावर उभा राहून त्याने घशातल्या घशात एक आवाज काढला. पिल्लं बाहेर आली. आता त्यांचं अंग तांबूस झालं होतं, पाय लांब झाले होते. एकामागून एक ती त्याच्यापर्यंत चढली. त्याने तिघांनाही हुंगलं, मग पाठ फिरवून चालू लागला. पिल्लं मागोमाग निघाली.

ती एकामागून एक फोटो काढत राहिली. उजेड सरत होता. भिंगातून आधी पिल्लं दिसेनाशी झाली, मग कोल्हा, मग त्याच्या शेपटीचं पांढरं टोक तेवढं झाडांतून वर वर जात राहिलं.

तिने कॅमेरा खाली घेतला, तेव्हा नवरा उठून उभा होता. त्याने विजारीला चिकटलेली पानं झटकली, सदऱ्याचं गळ्याशी उघडं राहिलेलं बटण लावलं, आणि मानाचा पाहुणा निघाला की दारात उभं राहावं, तसा चढाकडे तोंड करून तो ताठ उभा राहिला.