सुप्याच्या नाक्यावरची खिळ्यांची फळी

मित्रांनो, मी बाभळीची एक जुनी फळी आहे. माझ्या पाठीतून बोटभर लांबीचे खिळे वर आलेले आहेत, म्हणून मला कोणी सहज हात लावत नाही.

१९४३ साली, धान्याच्या टंचाईत, सूर्यभान लोहाराने मला घडवले. चोरटी ज्वारी भरलेल्या लॉऱ्या तेव्हा सुप्यावरून पुण्याकडे पळत. त्या अडवण्यासाठी पोलिसांनी मला नाक्यावर ठेवले. शिपाई भिमाजी माझी दोरी धरून लिंबाआड बसे आणि लॉरी आली की मला ओढून रस्त्यात आडवी करी. पहिल्या दोन लॉऱ्या मला पाहताच थांबल्या. फौजदारसाहेबांनी माझे कौतुक केले. भिमाजी रोज तेलाच्या फडक्याने माझे खिळे पुशी आणि घरच्या गोष्टी मला सांगे. ते दिवस सुखाचे होते.

तिसरी लॉरी थांबली नाही. भर दुपारी धुरळा उडवत ती आली. मागे पोलिसांची मोटार होती. भिमाजीने दोरी ओढली. माझे खिळे घुसून टायर फुटला आणि लॉरी भेलकांडत रस्त्याखाली गेली. तिथून गावातली गोजरबाई गवताचा भारा घेऊन चालली होती. तिचा पाय चिरडला.

चोर सापडले, साहेब खूश झाले. भिमाजी मात्र दवाखान्यात गोजरबाईला भेटून आला आणि माझ्याजवळ बसला. मग त्याने तिचे बोलणे मला सांगितले: "लारी अडवायची तर अडवा, दादा. पर मला आदी हाक मारायची हुती."

पुढच्या खेपेला लॉरी दिसताच तो दोरी टाकून रस्त्यावर धावला. बाजाराला निघालेल्या बायामाणसांना त्याने बाजूला केले. तेवढ्यात लॉरी निसटली. साहेबांनी जाब विचारला.

"तितं मानसं हुती, साहेब," एवढेच तो म्हणाला.

आठवड्यात त्याची दूर डोंगरात अकोले गावी बदली झाली. जाताना त्याने खिळे चुकवून माझ्यावरून हात फिरवला. त्यानंतर तसा हात कोणी फिरवला नाही. चौकीमागच्या खोलीत भिंतीला टेकून मी एकटी उभी आहे. खिळे गंजले. सरपण शोधायला आलेला माणूसही मला पाहून मागे फिरतो.

मित्रांनो, पळणाऱ्याला जरूर अडवा, पण वाटेत आणखी कोण आहे ते पाहूनच. निसटलेली ती लॉरी महिन्याभरात पकडली गेली. गोजरबाई पुन्हा कधी गवताला गेली नाही.