शेपटी ठरवेल तो मालक

बुधवारी शेजारच्या दाभोळे वकिलांचा कुत्रा बंड्या मला चावला आणि शुक्रवारी चावल्या जागी, पोटरीवर, शेपटी उगवली. तपकिरी, भरघोस, अगदी बंड्यासारखी. साडी जरा वर नेसावी लागली, एवढीच काय ती अडचण. खोटं कशाला सांगू, मला आवडली. या वयात अंगाला नवीन काही येतं का कुणाच्या?

डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं, शेपटी उलटसुलट करून पाहिली. "तब्येत छान आहे तिची. पण चावल्याची तक्रार करा हं, काकू. नियम आहे."

म्हणून चौकीत गेले. बंड्या मागोमाग आला. दाभोळे आधीच येऊन बसले होते, काळा कोट घालून.

"मालक कोण?" हवालदार घोरपड्यांनी विचारलं.

"आमचा नाही हो," दाभोळे म्हणाले. "रस्त्यावरचं कुत्रं. दोन पोळ्या टाकल्या म्हणून माणूस मालक होतो का?"

अहो, या गृहस्थांनी बंड्याचा वाढदिवस केला होता! मी केक खाल्लाय!

"मालक नाही म्हणजे बेवारस," घोरपडे म्हणाले. "बेवारस कुत्रं गाडीतून जातं. आणि त्याची शेपटी ज्याला असेल, तेही."

"म्हणजे मी?"

"म्हणजे तुम्ही, बाई."

बाहेर नगरपालिकेची गाडी येऊन थांबली. समोरची भिंत सरकत सरकत माझ्या गुडघ्यांना टेकली.

"वकीलसाहेब, हो म्हणा की. तुमचं काय जातंय?"

"जबाबदारी येते, काकू. कायद्यानं."

"तुमच्या म्हणण्यावर काही नाही," घोरपडे म्हणाले. "मालक शेपटी ठरवते."

आम्ही वाट बघत बसलो. दाभोळ्यांसमोर दोन्ही शेपट्या ओल्या फडक्यासारख्या लोंबत राहिल्या. भिंतीनं माझे गुडघे आणखी मागे रेटले. दाभोळे खुशीत मिशीवर बोट फिरवत होते.

तेवढ्यात दाभोळेवहिनी आल्या, हाताची कणीक तशीच. दोन्ही शेपट्या अशा काही हलल्या की टेबलावरची टाचण्यांची डबी सांडली.

"आमचाच आहे," वहिनी म्हणाल्या. "फाटक मी उघडं टाकलं. बंड्याची लस, काकूंचं औषधपाणी, सगळं माझ्याकडे."

भिंत मुकाट्यानं जागेवर गेली. इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! जन्मभर माझं मीच केलं. काकू माझ्याकडे, असं कुणी कधी म्हटलं नव्हतं.

वहिनींनी पिशवीतून दोन पट्टे काढले. एक बंड्याच्या गळ्यात बांधला, दुसरा माझ्या.

"घट्ट नाही ना झाला, काकू?"

"नाही गं, अगदी बेताचा आहे."

"झालं तर मग," घोरपडे म्हणाले. मग त्यांनी पेन दाभोळ्यांकडे वळवलं. "आणि हे कुणाचे?"

वहिनींनी नवऱ्याकडे पाहिलं, मग आपल्या हातांकडे. दोन्ही हातांत आमच्या पट्ट्यांची टोकं होती. दाभोळ्यांनी गळ्यातली वकिलीची पांढरी पट्टी सोडली, बाकावरून खाली उतरले आणि वहिनींसमोर मान पुढे केली.