बुधवारची पायपीट

कस्तुराबाईंच्या तोंडाला अख्खी वस्ती वचकून असे. पण सुनेच्या आजाराचा विषय निघाला, की त्याच तोंडाला कुलूप लागायचं.

दिवाळीच्या तोंडावर कापूस वेचणाऱ्या बायकांचा टेम्पो पुलावरून उलटला. सून राजेश्री वाचली. तिला खेटून बसलेली तिची मैत्रीण पंचफुला गेली. हाताचं हाड जुळलं, पण राजेश्रीची झोप उडाली ती उडालीच. गाडीत बसायचं नुसतं नाव काढलं, तरी तिला दरदरून घाम फुटे. परभणीतल्या खासगी डॉक्टरची फी आठशे, औषधं वेगळी, आणि जायचं दर आठवड्याला. मुलगा पुण्याहून पाठवायचा त्यात घरच कसंबसं भागे. तिथल्याच सरकारी दवाखान्यात तोच इलाज फुकट होता, पण मनाच्या डॉक्टर यायच्या फक्त बुधवारी. आणि वाट बारा किलोमीटरची.

"पायानं जाऊ," कस्तुराबाई म्हणाल्या. "म्या काय कमी चाललेली हाय व्हय?"

पहिल्या बुधवारी दोघी तांबडं फुटायच्या आत निघाल्या आणि दहाला केसपेपरच्या खिडकीशी पोचल्या.

"काय होतंय?" आतल्या माणसानं विचारलं.

मागं नेमका वस्तीवरचा चंद्रभान उभा. याच्या कानावर गेलं म्हणजे संध्याकाळपर्यंत गावभर! कस्तुराबाईंनी घाईघाईनं सांगून टाकलं, "डोस्कं दुखायलंय पोरीचं."

मग काय, चिठ्ठी निघाली डोळ्यांच्या विभागाची. राजेश्रीनं तासभर रांगेत बसून भिंतीवरची अक्षरं वाचली, एकही चुकली नाही. नजर उत्तम असल्याचा कागद घेऊन दोघी योग्य दारी गेल्या, तोवर मनाच्या डॉक्टर निघून गेल्या होत्या. परतताना कस्तुराबाईंनी चंद्रभानच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. त्या बिचाऱ्याचा गुन्हा एवढाच, की त्याला खोकला झाला होता.

"चूक माजीच हाय," शेवटी त्या पुटपुटल्या. राजेश्रीनं उन्हासाठी त्यांचा पदर नीट डोक्यावर ओढून दिला.

पुढच्या बुधवारी त्यांनी खिडकीत तोंडच घातलं. "अपघातात मैतरीण गेली हिची. झोपत न्हाई, गाडी दिसली की थरथर कापती. मनाच्या डॉक्टरकडं धाडा. डोळे लय चांगले हायेत तिचे!"

सगळी रांग वळून बघायला लागली. बघेना का!

डॉक्टरबाईंनी वीस मिनिटं दिली. सहा महिन्यांत पहिल्यांदा राजेश्रीच्या तोंडून पंचफुलाचं नाव निघालं, आणि ती ढसाढसा रडली.

"आता दर बुधवारी यायचं," बाई म्हणाल्या.

बाहेर येताच कस्तुराबाई पायरीवर मटकन बसल्या. गुडघे टम्म सुजले होते. त्यांनी लुगडं ओढून झाकले, पण राजेश्रीनं पाहायचं ते पाहिलं. ती सासूला धरून स्टँडवर घेऊन गेली. वस्तीवरून जाणारी झरीची एसटी लागलेली होती. राजेश्रीनं दांडा धरला, पायरीवर एक पाय ठेवला. दुसरा काही उचलेना. कंडक्टर म्हणाला, "चढा बाई, लवकर." ती गर्रकन मागं फिरली.

"आत्याबाई, जमंना मला. तुमी तरी बसा."

"तुला सोडून?" एसटी निघून गेली. कस्तुराबाईंनी तिचे डोळे पुसले. "एक पाय तं ठिवलास की गं! दुसऱ्याचं बघू म्होरल्या बुधवारी."

आणि सुनेच्या खांद्यावर हात टाकून, लंगडत लंगडत, त्या बारा किलोमीटरला निघाल्या.