वेल्कोचा एकुलता एक फोटो

बल्गेरियातल्या एका डोंगराळ गावात, झ्लातकाबाईंच्या छपाईच्या दुकानात बसलेला मी एक जुना संगणक आहे. माझ्या पोटात अख्खं गाव मावलंय, असं बाई कौतुकाने सांगतात. खोटं नाही ते. लग्नपत्रिका, बाळांचे फोटो, शाळा संपवणाऱ्या मुलांची छबी, सगळं माझ्याकडूनच छापून जातं. आणि शोकपत्रं तर विचारूच नका.

मित्रांनो, आमच्याकडे माणूस गेला की काळ्या चौकटीत त्याचा फोटो छापलेलं शोकपत्र फाटकावर, विजेच्या खांबावर, बसथांब्यावर चिकटवतात. पुन्हा चाळिसाव्या दिवशी, सहा महिन्यांनी आणि मग दर वर्षी. त्यामुळे गेलेल्यांचे फोटो कधी पुसायचे नसतात. पण बाईंचा एक हट्ट होता. जिवंत आणि मेलेली माणसं एका घरात नांदवायची नाहीत! माझ्या डिस्कचे दोन भाग होते, सी आणि डी. नवऱ्या, बाळं, विद्यार्थी डीमध्ये. मेलेले सगळे सीमध्ये, जिथे मला चालवणारी ऑपरेटिंग सिस्टिम राहते.

त्यातच वेल्को होता. मधमाश्या पाळणारा हा म्हातारा कॅमेरा दिसला की पाठ फिरवायचा. आयुष्यात त्याचा धड असा एकच फोटो निघाला. त्याची बायको गेना तो घेऊन आली, बाईंनी तो माझ्यात उतरवला, आणि मूळ फोटो गेनाने शवपेटीत त्याच्या कोटाच्या खिशात ठेवून दिला. "तिथे कुणी ओळख विचारली तर दाखवायला हवा ना," म्हणाली. म्हणजे आता तो हसरा वेल्को फक्त माझ्यापाशी होता.

आणि नेमका मला व्हायरस लागला. कुणाच्या तरी पेनड्राइव्हमधून शिरला मेला. मी रडतखडत सुरू व्हायचो आणि मध्येच बंद पडायचो. कालपर्यंत माझं कौतुक करणारी गिऱ्हाइकं "हा डबा भंगारात द्या" म्हणू लागली. मला फार लागलं ते.

बाईंनी शहरातून जावयाला बोलावलं. ओर्लिन हुशार, पण कायम घोड्यावर बसलेला.

"आई, सिस्टिम पुसून नवी टाकावी लागेल. जपायचं ते कुठे आहे?"

"डीमध्ये. त्यातली एक नवरी जरी हरवली ना, तर तिची आई मला फाडून खाईल, जावईबापू!"

गेलेल्यांचे आईबाप भांडायला येत नाहीत. बाईंना ते आठवलेच नाहीत.

ओर्लिनने डीमधलं सगळं बाहेरच्या डिस्कवर उतरवलं, नव्या सिस्टिमचा पेनड्राइव्ह लावला, सी निवडलं आणि 'फॉरमॅट'वर बोट ठेवलं. पडद्यावर सूचना आली. इथलं सगळं कायमचं पुसलं जाईल, पुढे जायचं का? मित्रांनो, मला तोंड नाही. माझा पंखा तेवढा घरघरत होता, आणि ती घरघर कुणालाच कळत नव्हती.

तेवढ्यात दारावरची घंटी वाजली. काळा रुमाल बांधलेली गेना आत आली.

"झ्लातके, शनिवारी वेल्कोचे चाळीस दिवस गं. त्याच्या नावाने वाटायला गहू शिजवायचेत, उशीर नको. शोकपत्रं काढून ठेव. फोटो तोच, हसरा."

"हो मावशी, संध्याकाळी या. तोवर आमचे जावईबापू..." बाई थबकल्या. "ओर्लिन! हात काढ! आधी हात काढ तिथून!"

"अहो, एकच बटण राहिलंय!"

"मेलेले सगळे तिथेच आहेत रे!"

चटका बसावा तसा ओर्लिनने हात मागे घेतला. सगळं रद्द केलं. मग दुसऱ्या पेनड्राइव्हवरून मला सुरू केलं, म्हणजे माझी आजारी सिस्टिम जागी होणार नाही. सीमधला फोल्डर उघडला. रिकामा!

बाईंनी डोक्याला हात लावला. गेनाला संगणकातलं काही कळत नव्हतं, पण तो डोक्यावरचा हात तिला कळला.

"पुन्हा गेला का तो?" तिने हळूच विचारलं.

ओर्लिनने खुर्ची पुढे ओढली. "थांबा आजी. व्हायरस कधी कधी फायली नुसत्या लपवतो." 'लपलेलं दाखवा' या पर्यायावर त्याने खूण केली, आणि एकेक चेहरा वर येऊ लागला. पाववाला, जुन्या मास्तरीणबाई, आणि हातात मधाचं पोळं धरून हसणारा वेल्को. बाई तिथेच स्टुलावर बसल्या आणि रडल्या.

ओर्लिनने फक्त फोटो आणि शोकपत्रं उतरवून घेतली, अनोळखी प्रोग्रॅम एकही घेतला नाही. बाहेरच्या डिस्कवरचा प्रत्येक फोटो उघडून पाहिला. मगच ते बटण दाबलं.

तुम्ही विचाराल, सिस्टिम पुसली गेली, मग तुला हे कसं आठवतं? मला नाही आठवत. बाई येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला हे सांगतात, ते मी ऐकतो. आता जिवंत आणि मेलेले माझ्यात एकत्र नांदतात आणि दोघांची एक प्रत कपाटात असते.

म्हणून मित्रांनो, जिवाभावाचं काही एकाच ठिकाणी ठेवू नका. आधी प्रत काढा, ती उघडून पाहा, मगच पुसा. आम्हा यंत्रांना ओरडता येत नाही.

त्या संध्याकाळी शोकपत्रांचा गठ्ठा हातात घेऊन गेना दारातून परत वळली. "झ्लातके, नुसता फोटो आणखी एक काढ गं. काळ्या चौकटीशिवाय. घरात लावायचाय."